मास्तरांची मूठ

आमच्या चौकातल्या सलूनच्या पाटीवर दोघा भावांचा धंदा असल्याचं रंगवलेलं होतं, पण लोक म्हणायचे 'मास्तरांचं सलून'. थोरला भाऊ शाळेत शिकवायला कधी गेला नव्हता. शिकायलाही फारसा गेला नसावा. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला तो असा काही दटावायचा, "मान सरळ! हलायचं नाही! पेपर नंतर वाचा!" की बँकेचा मॅनेजरसुद्धा गृहपाठ न केलेल्या पोरासारखा गप्प व्हायचा. म्हणून ते मास्तर. शेजारच्या खुर्चीवरचा भाऊ धाकटा. त्याचे केस पिकले, दाढा पडल्या, तरी तो सगळ्यांचा धाकटाच राहिला.

मास्तरांना पक्षाघात झाला तो दुकानातच. एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता त्यांच्या डाव्या हातातली वाटी खाली पडली. ती उचलायला ते वाकले आणि वाटीशेजारीच आडवे झाले. जीव वाचला, बोलणंही वाचलं. "जीभ गेली असती तर घरात शांतता झाली असती," असं ते पुढे म्हणायचे. पाय थोडा ओढत का होईना, चालू लागला. डावा हात मात्र गेला. सुरुवातीला तो नुसता लोंबकळत होता. मग काही महिन्यांत कोपरात वाकून छातीशी आला, बोटं आत वळली, अंगठा बोटांच्या खाली दबला आणि मूठ जी घट्ट मिटली ती मिटलीच. हाताच्या स्नायूंना मेंदूचा 'सोड' हा निरोपच पोचत नाही, म्हणून ते कायम आवळलेले राहतात, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. त्याला त्यांचा शब्द होता ताठरपणा. मास्तरांचा शब्द होता हट्ट.

त्या हट्टातूनच मास्तरांनी वाट काढली. न्हाव्याला दोन हात लागतात. एकात कंगवा, एकात कात्री. कंगव्यानं केस उचलायचे आणि वर आलेले कापायचे. मास्तरांनी लांब दांड्याचा कंगवा घेतला आणि त्याचा दांडा उजव्या हातानं त्या मिटलेल्या मुठीत खुपसला. शिकंज्यात धरावा तसा तो घट्ट बसला. हात छातीपासून फारसा हलत नव्हता, म्हणून त्यांनी खुर्ची खाली घेतली आणि गिऱ्हाइकांना हलवायला सुरुवात केली. "मान खाली. डावीकडे. अजून. आता थांबा." बाकीच्या सलूनमध्ये न्हाव्याचा हात डोक्याभोवती फिरतो, आमच्याकडे आमची डोकी मास्तरांच्या हाताभोवती फिरायची. वेळ लागायचा, मानेला रग लागायची, पण केस असे कापलेले असायचे की कुठे पायरी दिसायची नाही. आम्ही तिथेच जात राहिलो. काही दयेपोटी, बरेचसे सवयीपोटी, आणि काही जण दुसरीकडे गेलो तर मास्तर रस्त्यात गाठून जाब विचारतील या भीतीपोटी.

दुकानातलं हे असं रुळावर आलं होतं. घरातलं निराळं होतं.

मिटलेली मूठ आतून ओली राहते. तिथली कातडी पांढरी पडते, वास यायला लागतो, नखं तळव्यात रुततात. म्हणून रोज सकाळी मास्तरांची बायको स्वयंपाकघरातल्या टेबलावर गरम पाण्याचं पातेलं ठेवायची, त्यात त्यांचा हात बराच वेळ बुडवून ठेवायची आणि मग एकेक बोट सोडवायला घ्यायची. आधी करंगळी. ओढून चालत नाही. ओढलं की मूठ आणखी आवळते. हळूहळू, दाब देत, थांबत. प्रत्येक बोटाला ती विचारायची, "दुखतंय का?" आणि मास्तर प्रत्येक बोटाला म्हणायचे, "नाही, गुदगुल्या होतायत." घामानं कपाळ डबडबलेलं असायचं. चारही बोटं सुटली की ती तळवा धुवायची, कोरडा करायची, मऊ कापडाची गुंडाळी आत सरकवायची. तेवढ्यात मूठ पुन्हा मिटायची. मूल नव्हतं त्यांना. शेजारीण एकदा म्हणाली होती, "तुमचं हे रोजचं बाळाला न्हाऊ घालण्यासारखंच आहे की." त्यावर बाई म्हणाल्या, "बाळ मोठं तरी होतं."

काही वर्षांनी बाईंची स्वतःचीच बोटं दुखू लागली. सकाळी सांधे धरायचे, अंगठ्याचं मूळ सुजायचं. त्या बोलल्या नाहीत, पण धाकट्याच्या लक्षात आलं. चहाचा कप त्या दोन्ही हातांनी उचलत होत्या. त्यानंच बातमी आणली की शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पक्षाघातानंतरच्या ताठर हातांवर एका औषधाचा अभ्यास चाललाय आणि त्यांना माणसं हवी आहेत.

"म्हणजे माझ्यावर प्रयोग," मास्तर म्हणाले.

"आजवर तू आमच्या डोक्यांवर केलेस ते काय होतं?" धाकटा म्हणाला.

रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दोघा नवरा-बायकोला समोर बसवून सगळं नीट सांगितलं. औषध म्हणजे खरं तर एक विष; पण अगदी थेंबभर, आवळलेल्या स्नायूतच टोचायचं. त्यानं स्नायू सैल पडतो. परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग ओसरतो. पहिल्या खेपेला निम्म्या लोकांना औषध मिळणार, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार, आणि ते ना रुग्णाला कळणार ना डॉक्टरांना. दुसऱ्या खेपेला मात्र ज्यांची इच्छा असेल त्या सगळ्यांना खरं औषध.

"बायकोच्या देखत विष घ्यायचं, तेही तिच्या संमतीनं," मास्तर म्हणाले. बाईंनी त्यांना टेबलाखालून पायानं ढोसलं.

डॉक्टर हसले आणि त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्या दिवशी त्या खोलीत कुणाच्याच कानात शिरली नाही. "हात सैल होईल, पण त्यात ताकद येईलच असं नाही. आणि मला सांगा, या ताठरपणाचा तुम्हाला कुठे उपयोग होतोय का? काही लोक ताठर पायाच्या आधारावर उभे राहतात. तसं काही?"

"ताठरपणाचा कसला आलाय उपयोग?" मास्तर म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. माणूस आजाराला शिव्या घालतो; आजारानं आपल्याला हातभार लावलाय असं त्याच्या मनातही येत नाही. त्यांना वाटलं, हात उघडला की कंगवा उलट जास्त छान धरता येईल. बाईंनाही तेच वाटलं.

"या औषधातून तुम्हाला नक्की काय साधायचंय?" डॉक्टरांनी शेवटी विचारलं.

मास्तरांच्या आधी बाईच बोलल्या, "हात न दुखता धुता यावा." मास्तरांनी मान डोलावली. अभ्यासात त्यांचं ध्येय म्हणून तेच धरलं गेलं.

मग फिजिओबाई आल्या. शांत स्वभावाच्या, थंड हातांच्या. त्यांचं काम मोजायचं. कोपर, मनगट, बोटं सरळ करून बघायची आणि ती किती विरोध करतात त्याला आकडा द्यायचा. इंजेक्शनच्या वेळी सुईला एक यंत्र जोडलं होतं. सुई आवळलेल्या स्नायूत शिरली की त्यातून रेडिओचं स्टेशन न लागल्यासारखी खरखर यायची. मास्तर म्हणाले, "बघा, माझा हातसुद्धा कुरकुर करतोय."

त्यांना औषधच मिळालं होतं, हे आठवड्यातच उघड झालं. एका सकाळी बाईंनी करंगळीला हात लावला आणि करंगळी आली. तिच्यामागोमाग बाकीची बोटंही आली, रुसवा संपल्यासारखी. बाईंनी तो हात टेबलावर पालथा ठेवला. तो तसाच राहिला. मग उताणा ठेवला. तसाच राहिला. सगळा तळवा सपाट, पांढराफटक, रेषा कोवळ्या. त्यांनी आपला हात त्यावर ठेवला आणि बराच वेळ दोघं तशीच बसून राहिली. पातेल्यातलं पाणी थंड झालं. मास्तर मला सांगत होते, "बोटांत जोर नव्हता, पण कळत होतं सगळं. तिचा हात किती खरखरीत झालाय, ते मला तेव्हा कळलं."

त्या दिवशी मास्तर दुकानात आले ते शीळ घालत. पहिलं गिऱ्हाईक मीच होतो. त्यांनी खुर्ची खाली घेतली, कंगवा डाव्या हातात दिला, बोटं त्याभोवती मिटवली. कंगवा खाली पडला. धाकट्यानं उचलून दिला. पुन्हा पडला. मास्तरांनी दांड्याला कापड गुंडाळलं, मग रबर लावून बघितलं. हात रबरासकट निवांत खाली वळला. तो हात आता कशालाही विरोध करत नव्हता आणि कशाला धरूनही ठेवत नव्हता. आरशात मला मास्तरांचा चेहरा दिसला. मी डोळे मिटून घेतले. माझे केस धाकट्यानं कापले.

"दादा, तू मशीन चालव," धाकटा म्हणाला. "त्याला एक हात पुरतो."

"मशीननं मेंढ्या भादरतात," मास्तर म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

पुढचे काही महिने ते त्या बाकावरच होते. आलेल्यांशी गप्पा मारायचे, धाकट्याच्या कामातल्या चुका काढायचे, "तिथे पायरी राहिली" म्हणून ओरडायचे. एकदा मला म्हणाले, "हातावर हात ठेवून बसणं म्हणजे काय, ते मला आत्ता जमलं. आधी डावा उघडतच नव्हता." मी हसलो. ते हसले नाहीत. मग हळूहळू त्यांची खुर्ची मोकळी राहायला लागली, तिच्यावर टॉवेल वाळत घातले जाऊ लागले. गल्ला दोघा भावांचा एकच, त्यामुळे घरी यातलं काही कळलं नाही; बाई उलट गुणगुणायच्या. सकाळचं काम आता चहा उकळेपर्यंत संपायचं. बाईंच्या अंगठ्याची सूज उतरली होती. तपासणीच्या वेळी फिजिओबाईंनी आकडे लिहिले आणि न राहवून म्हणाल्या, "फार छान!" बाईंचा चेहरा फुलला. मास्तरही म्हणाले, "हो, फार छान." घरी काय सांगणार होते? माझा हात बरा झाला आणि माझं काम गेलं, असं?

औषध ओसरू लागलं तसा कंगवा राहू लागला. आधी थोडा वेळ, मग अख्खी हजामत होईपर्यंत. टॉवेल खुर्चीवरून दोरीवर गेले. "मान सरळ!" पुन्हा ऐकू आलं तेव्हा आम्ही गिऱ्हाइकं खरोखर खूश झालो. नेमक्या त्याच आठवड्यात दुसऱ्या खेपेची तारीख आली. बाईंना त्या दिवशी ताप होता, म्हणून मास्तर एकटेच निघाले. बसमध्ये बसले. रुग्णालयाच्या थांब्यावर बस थांबली, माणसं उतरली, दार मिटलं. मास्तर बसूनच राहिले. शेवटच्या थांब्यावर उतरून त्याच बसनं परत आले आणि सरळ दुकानात गेले.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "दिलं का?"

"नाही गं. अभ्यास संपला म्हणाले. पुढचं औषध आलंच नाही."

बाई म्हणाल्या, "जाऊ दे. मी आहे की."

रुग्णालयातून फोन आला तो दुकानाच्या नंबरावर, आणि तो मास्तरांनीच उचलला. "नको," म्हणाले. भाग घेणं तुमच्या इच्छेवर आहे, असं त्यांना आधीच सांगितलं होतं. कुणी आग्रह केला नाही. विषय तिथेच संपला.

पातेलं पुन्हा टेबलावर आलं. करंगळी, अनामिका, "दुखतंय का?", "गुदगुल्या होतायत." वर्षं गेली. बाईंची बोटं वाकडी होत गेली, आणि तरीही त्या तीच बोटं मास्तरांच्या मुठीत घालून ती सोडवत राहिल्या. मास्तरांना दिसत नव्हतं असं नाही. मनात म्हणायचे, सांगू. पुढच्या महिन्यात सांगू. मग वाटायचं, इतके दिवस का नाही सांगितलं, असं ती विचारेल. जितका उशीर झाला तितकं सांगणं जिवावर येत गेलं.

कधीतरी मध्येच सकाळचा तो प्रश्न थांबला. बाई बोटं सोडवायच्या, धुवायच्या, कापड घालायच्या, पण "दुखतंय का?" विचारेनाशा झाल्या. मास्तरांनी ते टिपलं. दमली असेल, म्हणून सोडून दिलं.

बाई गेल्या त्या न्यूमोनियानं, आठवडाभरात. दिवस झाल्यावर एका दुपारी दुकान रिकामं असताना धाकटा सहज म्हणाला, "वहिनी एकदा इथे आल्या होत्या, तुला सांगायचं राहिलं. तू कुणाचे तरी केस कापत होतास. काचेबाहेर उभ्या राहून तुझ्याकडे बघत होत्या. मी आत या म्हणून खूण केली, तर हातानं नको म्हणाल्या आणि गेल्या."

"कधी?"

"झाली दोन-तीन वर्षं. हाताला पट्टा बांधला होता, रुग्णालयातून आल्या असाव्यात."

मास्तरांना त्यातून काही उलगडलं नाही. ते उलगडलं पुढे, मुठीतल्या जखमेमुळे. बाई गेल्यावर हात सोडवणारं कुणी उरलं नव्हतं. धाकट्याची बायको करते म्हणाली, मास्तरांनी करू दिलं नाही. नखं रुतून तळवा चिघळला, ताप चढला, आणि धाकट्यानं त्यांना उचलून त्याच मोठ्या रुग्णालयात नेलं. जखम भरल्यावर हात बघायला आल्या त्या त्याच फिजिओबाई. आता चष्मा लागला होता, हाताखाली दोन मुली शिकत होत्या. त्यांनी मास्तरांना ओळखलं.

"काकू नाही आल्या?" त्यांनी विचारलं. कळल्यावर त्यांनी मास्तरांचा हात हळूच खाली ठेवला. मग म्हणाल्या, "स्वतःचे सांधे दाखवायला आल्या होत्या त्या एकदा. कॉरिडॉरमध्ये भेटल्या. मी म्हटलं, तुमचे मिस्टर दुसऱ्या इंजेक्शनला का नाही आले? आम्ही वाट बघत होतो."

मास्तर म्हणाले, "मग? ती काय म्हणाली?"

"आधी त्यांना कळेचना. अभ्यास तर संपला होता ना, म्हणाल्या. मी सांगितलं, नाही, त्यांनी स्वतःच नको म्हटलं. मग थोडा विचार केला त्यांनी आणि मला विचारलं, हात सैल झाल्यावर वस्तू धरता येते का हो? मी म्हटलं, कुणाला येते, कुणाला नाही. तर म्हणाल्या, 'असं होय.' तेवढंच."

तिथून बाई दुकानाच्या काचेपाशी आल्या होत्या. मिटलेल्या मुठीतला कंगवा बघायला.

मास्तर हे मला बाकावर बसून सांगत होते. आता ते केस कापत नाहीत. तब्येत तेवढी साथ देत नाही. दर काही महिन्यांनी धाकट्याबरोबर रुग्णालयात जाऊन तेच इंजेक्शन घेतात. ते औषध आता अभ्यासातलं राहिलेलं नाही, सर्रास देतात. ज्या लोकांमुळे ते सिद्ध झालं, त्यांतल्या सुधारलेल्यांत आपलीही गणना झाली, हे फिजिओबाईंनी त्यांना सांगितलं होतं. "खोटं नाही ते," मास्तर म्हणाले. "न दुखता हात धुता यावा एवढंच मागितलं होतं. आलाच की." सैल हात ते आता आपले आपण नळाखाली धरतात, उजव्यानं चोळतात, झालं. कुणाची मदत लागत नाही.

"एक सांगू?" ते म्हणाले. "मी तिला विचारलं असतं ना, की बाई, तुझी बोटं की माझा कंगवा, तर ती कंगवाच म्हणाली असती. दुसऱ्या दिवशी पातेलं ठेवून बसली असती. मी मागितलं असतं तर तिनं दिलं असतं. मी चोरून घेतलं."

"तिनंही कळल्यावर काही म्हटलं नाही," मी म्हणालो.

"तेच तर. भांडली असती तर बरं झालं असतं. एक दिवस पातेलं माझ्या डोक्यावर उपडं केलं असतं तर मी सुटलो असतो."

मध्यंतरी रुग्णालयात आणखी एक अभ्यास सुरू झालाय, या खेपेला पायांच्या ताठरपणावर. मास्तर इंजेक्शनसाठी बाहेरच्या खुर्च्यांवर बसले होते, मी सोबत गेलो होतो. शेजारी एक जोडपं होतं, आमच्यापेक्षा बरंच तरुण. नवऱ्याचा एक पाय काठीसारखा सरळ, बायकोच्या हातात पाण्याची बाटली आणि त्याची टोपी. मास्तर त्याच्याकडे वळले.

"काय काम करता?"

"घरं रंगवतो. म्हणजे रंगवायचो. आता खालच्या खालच्या भिंती करतो."

"या पायावर उभे राहता?"

"याच्यावरच तर राहतो," तो हसून म्हणाला. "चांगला पाय आधी दमतो."

मास्तर पुढे सरकले. "हे आत डॉक्टरांना सांगा. आणि बायकोला काय हवंय ते तिला वेगळं विचारायला सांगा. एकत्र बसलं की माणूस बोलत नाही."

त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बायको समजूतदारपणे म्हणाली, "आमच्यात तसं काही नाही हो काका. यांचं सगळं मला माहीत असतं."

"असतं ना," मास्तर म्हणाले. "आम्हालाही तसंच वाटायचं."

तेवढ्यात दार उघडलं आणि आतून बोलावणं आलं. बायकोनं नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं आणि दोघं एकदमच आत गेली. मास्तर बंद दाराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचे केस वाढलेत. मागे पायरी दिसतेय. धाकट्याला सांगा, मी म्हटलंय म्हणून."